सावळेरामच्या जागी बसणारा माणूस

आळेफाट्याला टायरच्या दुकानावर अश्विनी कुऱ्हाडेचं ऑफिस होतं. पाटीवर 'खासगी तपास' असं भारदस्त लिहिलेलं होतं, पण येणारी माणसं बहुतेक मुलींचे बाप. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, एवढंच त्यांना हवं असायचं. तिचा चुलतभाऊ दादाभाऊ जीप चालवायचा आणि निम्मा तपास आपणच करतो असं समजायचा. तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याचा गैरसमजही कोणी दूर केला नव्हता.

शनिवारी दुपारी एक सत्तरीचा माणूस जिना चढून आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. घाटघरहून एसटी बदलत आला होता. नाव सावळेराम.

"ताई, माझ्या जागी कोनतरी बसतंय," तो म्हणाला. "माझ्या लेकीसमोर."

दादाभाऊनं तोंडातली सुपारी चघळायची थांबवली.

सावळेरामची एकुलती एक मुलगी मोहिनी आयर्लंडमध्ये नर्स होती. दर रविवारी दुपारी ती एक लिंक पाठवायची. ती दाबली की लॅपटॉपवर तिचा चेहरा यायचा. वैशाखात सावळेरामची बायको कोंडाबाई गेली आणि तेव्हापासून लिंक उघडेनाशी झाली. बाकी सगळं उघडायचं. बातम्या, कीर्तनं, भातावरच्या करपा रोगाची माहिती, सगळं. मोहिनीची लिंक दाबली की मात्र नुसतं चक्र फिरत राहायचं. पुन्हा पुन्हा दाबावं, तर अख्खं यंत्र अडकून बसायचं. बटण दाबून धरून बंद करावं लागायचं.

घरात त्याच्या साध्या मोबाइलला रेंज नव्हती. बोलायचं तर घाटाच्या वळणापर्यंत चालत जावं लागे, आणि तिथेही आवाज तुटायचा. मागच्या आठवड्यात त्या वळणावर मोहिनीचा फोन लागला होता.

"तिला म्हनलं, तुझी लिंक उघडत न्हाई. तर म्हनली, खोटं का बोलता बाबा, दर रविवारी तर उघडता. अंधार करून बसता अन् एक शब्द बोलत न्हाई." सावळेरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आई गेली तवा तिला रजा मिळाली न्हाई. तिला वाटतं, मी राग धरलाय. मी कशाला राग धरू? तिच्याबिगर मला हाय कोन?"

उद्याची लिंक शेवटची, असं मोहिनी म्हणाली होती. उद्याही बाबा बोलले नाहीत, तर ती पुन्हा पाठवणार नव्हती.

अश्विनीनं मोहिनीचा नंबर घेतला आणि तिला लांबलचक मेसेज पाठवला. बाबा समोर आले म्हणजे नेमकं काय दिसतं आणि काय ऐकू येतं, एवढंच विचारलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, आवाजातच रेकॉर्ड केलेलं. दमलेली बाई बोलत होती.

"मिट्ट काळोख दिसतो. खाली नाव येतं, 'बाबा'. कधीकधी एकापाठोपाठ चार-पाच काळे चौकोन येतात, सगळ्यांवर 'बाबा'. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, बाकी काही नाही. मी अर्धा अर्धा तास बोलते. पण समोरचा माणूस श्वाससुद्धा घेत नाही, असं वाटतं."

ते ऐकून सावळेरामचे डोळे भरले. अश्विनीनं लॅपटॉप मागून घेतला, ऑफिसच्या वायफायला जोडला आणि मोहिनीची एक जुनी लिंक दाबली. ती चटकन उघडली. 'तुमच्याशिवाय इथे कोणी नाही,' असं लिहून आलं आणि वरच्या कोपऱ्यात सावळेरामचा स्वतःचाच चेहरा दिसला.

"जुन्नरला पप्पूच्या रिपेरीच्या दुकानातबी अशीच उघडली," सावळेराम म्हणाला. "त्यानं दोनदा साफ करून दिला. घरी नेला की पुन्हा हँग."

"म्हणजे घरातलाच कोणी," दादाभाऊ पुटपुटला.

संशय कोणावर, असं विचारल्यावर सावळेरामनं जरा आढेवेढे घेतले. मग पुतण्याचं नाव सांगितलं. सुभाष. नेट त्यानंच आणलं होतं, सगळं त्यानंच जोडून दिलं होतं, आणि हल्ली दोघांचं बोलणं बंद होतं.

रविवारी सकाळी जीप जुन्नर सोडून वर चढायला लागली, तशी धुक्यात शिरली. भातखाचरांत पाणी तुडुंब होतं, पण माणूस दिसत नव्हता. घाटघरच्या त्या वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद. पोरं नारायणगावला, पुण्याला. आदल्या संध्याकाळीच परतलेल्या सावळेरामच्या घरासमोर एकच जोडी चपला होती, आणि ते पाहून अश्विनीला उगीचच गलबललं. ती स्वतः फाट्यावर एकटी राहायची. ते तिनं दादाभाऊला सांगितलं नाही, कारण त्यानं लगेच स्थळं सुचवली असती.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाट, चूल आणि खिडकीशी टेबल. आतल्या खोलीचं दार बंद. कडीला लाल दोरा गुंडाळलेला.

"ही पंचकात गेली," सावळेराम दाराकडे न बघता म्हणाला. "पंचकात मानूस गेलं की मागनं त्याच घरातलं आनखी कोनी जातं म्हनत्यात. भटजींनी सांगितलं, जिथं गेली ती खोली दिवाळीपर्यंत बंद ठेवा. आतलं कायबी हलवू नका."

"आणि तुमचा विश्वास आहे?"

"मला माझं काय? पन माझ्या घरातलं म्हनजे मोहिनीच की. तिला काय झालं तर?" मग तो म्हणाला, "मी त्या दाराला हातबी लावला न्हाई."

त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवून तारा जोडल्या. सुभाषनं प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधला होता आणि लॅपटॉपवर त्या त्या जागी तसाच रंग लावला होता. लाल चार्जरची. हिरवी आणि पिवळी भिंतीतल्या भोकातून आलेल्या. सावळेरामनं देवपूजेसारख्या एकेक करून त्या बसवल्या. नेट तारांतूनच येतं, म्हणून एकही तार विसरायची नाही, असं त्यानं दादाभाऊला समजावून सांगितलं. नेटचा डबा वरच्या फळीवर लुकलुकत होता. त्याला लॅपटॉपची एकही तार नव्हती.

अश्विनी खोलीत सगळीकडे नजर फिरवत होती.

"काका, घरात घड्याळ नाही?"

"हाय की. आत. हिच्या उशाशी असायचं. आता मला काय करायचंय घड्याळ?"

सुभाषचं घर वरच्या अंगाला होतं. त्यानं पर्यटकांसाठी दोन खोल्या रंगवल्या होत्या. त्यानं चहा विचारला, पण तोंड आंबटच ठेवलं. काकांची आतली खोली आपण मागितली होती, हे त्यानं लपवलं नाही.

"रिकामी पडलीय. पावसात पावनं गाडीत झोपत्यात. मी नुसतं विचारलं, तर काका लई बोललं. मला म्हनलं, तुला आमी मेलेलंच बरं. तवापासनं मी त्यांचा उंबरा चढलो न्हाई."

रविवारी दुपारी तो नाणेघाटात पर्यटकांबरोबर असायचा. जेवण त्यांच्याचबरोबर, त्यामुळे साक्षीदार कितीही. मोहिनीला त्रास द्यायचं कारण विचारल्यावर तो उखडला.

"मी? काकू अंथरुनाला खिळली, नजर अधू झाली, तवा पोरगी मोठी दिसावी म्हनून सगळं मीच करून दिलं. काकूला बटनसुदिक दाबायला लागत नव्हतं. काकांनी भायेर लिंक दाबली, की काम झालं. काकू गेली त्या दिवशी आवरून भायेर येनारा शेवटचा मीच."

खाली येताना दादाभाऊनं निकाल देऊन टाकला. सुभाषच हॅकर. घरी बसल्या बसल्या तो कोणाच्याही नावानं कुठेही घुसू शकतो. टीव्हीवर तसंच दाखवतात.

"आणि घुसून अर्धा तास अंधारात गप्प बसतो? पावसाळ्यातलं गिऱ्हाईक सोडून?" अश्विनीनं विचारलं. यावर टीव्हीवर काय दाखवतात, ते दादाभाऊला आठवेना.

शेजारच्या सरूबाई सावळेरामला दोन वेळच्या भाकऱ्या द्यायच्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे होती. मोहिनीचं नाव काढताच त्या फणकारल्या. आईच्या मातीला न येणारी लेक कसली, असं त्यांचं म्हणणं. पण लॅपटॉपला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. त्यातून झटका बसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "सावळेरामदादाला सांगू नगा. रईवारी भाकरी द्यायला येते तवा त्या बंद दाराच्या फटीत निळा ठिपका दिसतो. बाकीच्या दिवशी न्हाई. कोंडाबाई हाय ती. लेकीची वाट बघतीय."

दादाभाऊ तिथून उठला आणि जीपचं ऑइल बघायला गेला. सकाळीच बघितलेलं होतं.

अश्विनी मात्र हसली नाही. ती परत येऊन भिंतीतल्या भोकापाशी वाकली, तारा कुठे जातात ते तिनं पाहिलं, आणि सुभाषला बोलावणं धाडलं. तो आला, पण दाराबाहेर पावसातच उभा राहिला. सरूबाईही पदराला हात पुसत आल्या.

दुपारी लिंक आली.

"एकदाच दाबा," अश्विनी म्हणाली. "नंतर काही झालं तरी हात लावायचा नाही."

त्यानं दाबली. चक्र फिरायला लागलं. थोडा वेळ गेला, काहीच झालं नाही. त्याचं बोट सवयीनं पुन्हा पुढे आलं, तसं अश्विनीनं ते धरलं.

"आता आतल्या दारावर थाप मारा. उघडायचं नाही. फक्त थाप."

सावळेरामनं तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला, दारापर्यंत गेला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. शेवटी त्यानं हलकेच तीनदा दार वाजवलं. खालच्या फटीत निळा ठिपका होता. सरूबाईंनी हात जोडले.

अश्विनीनं हिरव्या दोऱ्याची तार उपसली.

पडदा क्षणभर काळा झाला आणि त्यावर मोहिनी आली. ती कान देऊन ऐकत होती.

"कोण आहे? बाबा? दार कोण वाजवतंय?"

सावळेराम धडपडत टेबलाशी आला. अश्विनीनं पिवळी तार काढली आणि लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा सुरू केला. आयर्लंडमध्ये मोहिनीनं तोंडावर हात ठेवला. तिला बाप दिसला होता.

"तुमच्या जागी कोणीच बसत नव्हतं, काका," अश्विनी म्हणाली. "मोहिनी, तूही ऐक. फाट्यावर आणि पप्पूच्या दुकानात लिंक उघडली, इथे नाही. म्हणजे दोष लॅपटॉपमध्ये नव्हता आणि लिंकमध्येही नव्हता. इथे असं काय होतं, जे तिथे नव्हतं? या दोन तारा. नेट तर डब्यातून बिनतारी येतं. मग या तारा कशाच्या? सुभाषनं सकाळी सांगितलंच. काकूंना मुलगी मोठी दिसावी म्हणून त्यानं आतल्या खोलीत टीव्ही लावला. हिरवी तार टीव्हीची."

"अन् पिवळी कॅमेऱ्याची," सुभाष दारातून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ताईची लिंक दाबली की ती थेट आत टीव्हीवर उघडायची. आवाजबी तिथंच. बाकी सगळं हितं भायेर. काकू गेली तवा मी रिमोटनं टीव्ही बंद केला अन् कडी लावली. तारांचं ध्यानातच आलं न्हाई."

"टीव्ही बंद केला, तरी लॅपटॉपला ते कळत नाही. तार आहे म्हणजे पडदा आहे, एवढंच त्याला समजतं. मोहिनी दर रविवारी आत उघडत होती, बंद टीव्हीवर. काकांना इथे नुसतं चक्र दिसायचं. मग ते पुन्हा पुन्हा दाबायचे. दर दाबण्यामागे आत एक नवी खिडकी उघडायची आणि मोहिनीला आणखी एक काळा 'बाबा' दिसायचा. चार-पाच झाल्या की यंत्र अडकायचं. अंधार त्या खोलीतला. निळा ठिपका कॅमेऱ्याचा. आणि घरात टिकटिक करणारं घड्याळ एकच आहे, ते काकूंच्या उशाशी."

"मग यांनी पप्पूकडे नेताना तारा काढल्याच होत्या की," दादाभाऊ म्हणाला.

"काढल्या, आणि घरी येऊन जशा होत्या तशा जोडल्या. दोरा बघून, चुकू न देता. एकदा चुकले असते तर मुलगी भेटली असती."

सावळेराम बंद दाराकडे बघत होता. लेकीला काही होऊ नये म्हणून त्यानं ते दार बंद ठेवलं होतं आणि लेकीलाच आत कोंडलं होतं. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सुभाष," तो म्हणाला, "आत ये. भिजतोयस तिथं."

सुभाष आत येऊन भिंतीला टेकून बसला.

"म्हणजे इतके रविवार," मोहिनीनं विचारलं, "मी आईच्या खोलीत बोलत होते?"

"व्हय." सावळेरामनं खुर्ची पुढे ओढली. "मला कायबी ऐकू आलं न्हाई, पोरी. एक शब्द न्हाई. काय म्हनत व्हतीस गं? आता सांग. मी बसलोय."

अश्विनीनं दादाभाऊला खूण केली आणि दोघं उठली, तरी उत्तर कानावर आलंच. मोहिनी रडत होती, पण आवाज शांत होता.

"ते आईला सांगून झालं, बाबा. ते आता पुन्हा नको. तुम्ही बोला. मला तुमचं ऐकायचंय."

सावळेराम गोंधळला. वैशाखापासून त्याच्याशी कोणी धड बोललं नव्हतं, आणि बोलायचं कुठून सुरू करतात ते तो विसरला होता. मग सकाळी भाकरीबरोबर काय खाल्लं, तिथून त्यानं सुरुवात केली.