मागच्या सीटवरून आलेला आवाज

ही गोष्ट खरी आहे. माझा मामा एरवी थापा मारण्यात कोणाला हार जात नाही, पण ही सांगताना तो एक शब्दही पदरचा घालत नाही.

मामा-मामी जुन्या गाड्या दुरुस्त करतात. इंजिन मामाचं, वायरिंग मामीचं. मागच्या वर्षी एका रविवारी, भर दुपारी, दोघं एका बंगल्याच्या अंगणात होती. पन्नास वर्षं जुनी गाडी. इग्निशन स्विच बदलायचा होता.

"आईला दवाखान्यात न्यायचं होतं," मालक म्हणाला. "मागे झोपवलं. चावी फिरवत राहिलो, गाडी चालूच झाली नाही. आई तिथेच गेली."

एवढं बोलून तो घरात गेला.

मामाने बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडली. मामी डॅशबोर्डखाली शिरली. उघड्या बॉनेटमुळे दोघं एकमेकांना दिसत नव्हती. नेहमीसारखं ओरडूनच बोलायचं.

जुना स्विच निघाला.

आणि...

"अहो, तारा तर जोडू द्या!" मामी खेकसली.

मामा चपापला. त्याने तोंडही उघडलं नव्हतं. स्वतःशीच बडबडत असेल म्हणून त्याने सोडून दिलं.

थोड्या वेळाने पुन्हा. "झाली का, झाली का! घोड्यावर बसून आलात का?"

"मी कुठे काय विचारलं?"

मामी डॅशबोर्डखालून बाहेर आली.

तिने नंतर सांगितलं, कोणीतरी कुजबुजत होतं. "झाली का चालू?" आणि तो आवाज... मागच्या सीटवरून येत होता.

तिने वळून पाहिलं. सीट रिकामी.

"उन्हाने डोकं फिरलंय," ती म्हणाली आणि नव्या स्विचचे स्क्रू आवळू लागली. काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावातच नाही.

मामाने बॅटरी जोडली. "मार स्टार्टर!"

पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं.

"झाली!" मामी सवयीने ओरडली.

उकाड्यामुळे उघडे ठेवलेले दरवाजे... चारही एकदम बंद झाले.

गाडी न्यूट्रलला होती. हँडब्रेक ओढलेला होता.

तरीही... ती पुढे निघाली.

मामा उडी मारून बाजूला झाला. समोर उघडं फाटक, पलीकडे भरधाव ट्रक. मामीच्या डोळ्यांपुढे फक्त बॉनेट. तिने चावी उलटी फिरवली. इंजिन बंद होईना. मामा बाजूने धावत दरवाजा ओढत होता. हिसके देऊन देऊन बोटं सोलली. आपली बायको डोळ्यांदेखत जाणार, एवढंच त्याला कळत होतं.

मामीने चावी सोडून दिली. मागे वळली. अर्ध्या उघड्या काचेतून मामाने स्पष्ट ऐकलं.

"आई, पोचलो आपण. सावकाश उतरा."

इंजिन बंद पडलं. गाडी फाटकातच थांबली.

मागचा दरवाजा उघडला... आणि कोणी उतरावं तशी गाडी मागून जराशी वर आली.

मामाने मामीला ओढून बाहेर काढलं आणि तो तिला धरून ढसाढसा रडला.

तेवढ्यात मालक आला. या दोघांकडे त्याने पाहिलंही नाही. उघड्या दरवाज्यापाशी गेला. वाकला. कोणाला आधार द्यावा तसा एक हात पुढे धरला...

मग एकेक पाऊल थांबत, जपून, तो घराकडे चालू लागला.

मामा हत्यारांची पेटी तिथेच टाकून आला. ती आणायला तो अजून गेलेला नाही.