स्टेंट, टाके आणि डॉक्टर सुखदा

रोहिदासअण्णा जेमतेम पन्नास पावलं चालले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंत धरून थांबले. मांड्या भरून आल्या होत्या. लेक तनुजा त्यांना सावरेपर्यंत शेजारचा एक तरुण आपली खुर्ची पुढे करून उभा राहिला.

"बसा काका. आमच्या बाबांनाही असंच व्हायचं."

तो प्रीतम. पिंपळे सौदागरचा, चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर. हे बापलेक निघोज्याचे. दोघांच्या वडिलांचं दुखणं एकच निघालं – ओटीपोटातून पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या. त्याच्या बाबांचं पोट उघडून बायपास झालं होतं. अण्णांचं अजून ठरायचं होतं.

मग फोन सुरू झाले. आधी रिपोर्टसाठी, नंतर उगाचच. शिफ्ट सुटली की तो तिच्या बसथांब्याजवळ चहाला थांबू लागला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही...

फक्त एक नाव सारखं मध्ये यायचं. सुखदा. त्याच दवाखान्यातली सर्जन, त्याची शाळेपासूनची मैत्रीण. एकदा तनुजाने दोघांना कॅन्टीनमध्ये पाहिलं. बोलता बोलता सुखदाने त्याच्या ताटातला वडा उचलला आणि त्याचं लक्षही गेलं नाही. तनुजा मात्र चहा अर्धाच टाकून उठली.

दोन दिवसांनी त्याच सुखदाने तिला आणि अण्णांना समोर बसवून समजावलं. पोट उघडून केलेलं बायपास सहसा जास्त वर्षं टिकतं, पण ते शरीराला सोसावं लागतं. स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, जांघेतून आत सरकवतात, दोन-तीन दिवसांत घरी जाता येतं. मात्र पुढे वाहिनी पुन्हा अरुंद होऊ शकते. अण्णांचा अडथळा आखूड होता, आणि विडीने फुप्फुसं पार खंगलेली. तिचं मत स्टेंटचं पडलं.

"नको. ऑपरेशनच करा," तनुजा म्हणाली.

अण्णा म्हणाले, मला काय कळतंय, पोरगी म्हणंल तसं.

बाहेर प्रीतमने तिला गाठलं. "अण्णांची छाती बाबांसारखी धडधाकट नाही, तनू. तुला कळतंय ते."

"तुला तिचंच पटणार."

"दोन वर्षांपूर्वी मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती नाही म्हणाली."

'तसं काही नव्हतं' एवढंच तिला ऐकायचं होतं. हे खरं ऐकून ती आतून करपली. पण काचेपलीकडे अण्णा तपासणीसाठी सदरा काढत होते, आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली होती. आपण कुणाचा राग कुणाच्या पोटावर काढतोय?

ती आत गेली. "डॉक्टर, स्टेंटच करा. मघाशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

सुखदाने काही विचारलं नाही. नुसती मान हलवली आणि लिहून घेतलं. ती चांगली होती, हेच तनुजाला जास्त झोंबलं.

स्टेंट बसवल्यावर तीन आठवड्यांनी प्रीतम अण्णांना बघायला निघोज्याला आला. अण्णा कुठेही न थांबता पार मळ्यापर्यंत पुढे निघून गेले होते. बांधावर हे दोघंच. प्रीतमने तिचा हात हातात घेतला.

"अजून रागावलीयेस?"

"राग नाही. जळते मी... तुझ्या मनात ती अजून आहे?"

"होती. आता मनात दिवसभर तूच असतेस."

"मग हे तेव्हाच सांगायचं."

"तू विचारलंस कुठे? सरळ ऑपरेशनच मागितलंस."

तनुजाला हसू फुटलं. तिने तोंड फिरवलं, पण हात त्याच्या हातातच राहू दिला.