ओराच्या बोटांचा पावा

मी कामगारांचे हातमोजे शिवायच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे माणूस समोर आला की माझं लक्ष आधी त्याच्या हातांकडे जातं. कुणाचा तळवा रुंद, कुणाची बोटं आखूड, कुणाचा अंगठा उगाच फाकलेला. मिसिसिपीच्या आमच्या टेकड्यांवर मोठ्या हातांची माणसं पुष्कळ, पण एझेल काकांइतके मोठे हात मी पाहिलेले नाहीत. त्यांच्या मापाचा हातमोजा कारखान्यात निघतच नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उन्हाळा सरता सरता वस्तीवर शेळ्या भाजून जेवण होतं, तेव्हा फाइफ वाजवायचा मान त्यांचा. फाइफ म्हणजे आखूड आडवा पावा. काकांचे आजोबा तो पलटणीत वाजवायचे. आता पाव्यामागे पलटण नसते. ढोल असतात, आणि धुळीत वाकून नाचणारे शेजारीपाजारी.

पावा काका स्वतः करतात. ओढ्याकाठचा वेळू कापायचा, सळई चुलीत लाल करायची, वेळूवर बोटं सहज टेकवायची आणि जिथे बोट तिथे भोक पाडायचं. पट्टीबिट्टी काही नाही. म्हणून एकाचा पावा दुसऱ्याच्या हातात नीट बसत नाही.

ओरा माझी पहिली लेक, तेव्हा तान्ही. तिचा बाप मालट्रकवर, महिन्यातून एकदा घरी. ती दुपारी झोपली की तेवढाच वेळ माझा. अशाच एका दुपारी मी काकांच्या अंगणातून आणलेला वेळूचा बारीक तुकडा घेतला, झोपलेल्या ओराच्या मुठी हळूच उलगडल्या आणि तिची बोटं त्यावर टेकवली. किती मऊ होती ती, नुकत्या सोललेल्या शेंगदाण्यासारखी. कापडावर वापरायच्या खडूने खुणा केल्या, सळई तापवली. भोकं अगदी एकमेकांना चिकटून पडली. जळक्या वेळूचा गोडसर वास घरभर झाला, तरी ती उठली नाही. मी पावा पाळण्याला बांधून ठेवला. आईचं खेळणं, दुसरं काय.

ओरा चांगली वाढली. दात आले, बूट लहान झाले, ती चालायला लागली, कुत्र्याला शेपटी धरून ओढायचा प्रयत्न करू लागली. पण शेपटी तिच्या हातात राहायची नाही. भाकरीचा तुकडा राहायचा नाही, चमचा राहायचा नाही. मी तिला भरवत राहिले. एकदा अंघोळ घालताना तिचा हात माझ्या तळव्यावर पसरला आणि मी थबकले. माप ओळखायला मला फूटपट्टी लागत नाही. दंड दीड वर्षाच्या मुलीचा होता. मनगटाखाली तान्हं बाळ.

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "एखाद्या मुलाचे हात सावकाश वाढतात."

"सावकाश नाही," मी म्हटलं. "वाढलेच नाहीत."

ती हसली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

खरं सांगायचं तर घरी आल्यावर पाळण्याच्या पाव्यावर ओराची बोटं ठेवून पाहायची मला भीती वाटली. मी तिला कडेवर घेतलं, पावा पदराआड धरावा तसा शालीत गुंडाळला आणि काकांकडे गेले.

काका ओसरीवर मॅटी काकूबरोबर वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. "ये गं. तुझ्या काकांनी सोलले तेवढेच तोंडात टाकलेत," काकू म्हणाली. "भांडं बघ, तळ दिसतोय."

"चाखून बघावं लागतं," काका म्हणाले.

मी पावा पुढे केला. काकांनी तो कौतुकाने फिरवून पाहिला. मग ओराला मांडीवर घेऊन तिची बोटं त्यावर ठेवली. एकेक बोट एकेका भोकावर बसलं. मध्ये जराही फट नव्हती. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"तान्ह्या हाताचं माप घेतलंस, पोरी?"

"खेळणं म्हणून केलं, काका."

"पाव्याला कुठे ठाऊक ते. दिलेला हात तो धरून बसतो."

"मोडून टाकू मग?"

"हात तिचा आहे ना यात," ते म्हणाले. "मोडायचा कसा?"

ओरा शेंग उचलू पाहत होती. ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

"कुणाचा तरी हात हवा याला," काका शेवटी म्हणाले. "राहू दे माझ्याकडे."

"तुमचं एक बोट पाची भोकं झाकेल," काकू म्हणाली.

"सवय करीन."

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवरून किरकिर ऐकू यायची. काकू कुंपणापाशी येऊन म्हणायची, "कोंबडीचं पिल्लू नळीत अडकलंय बघ." आम्ही दोघी हसायचो.

आणि ओराची नखं वाढू लागली. आधी नखं, मग बोटं. एका सकाळी तिने चमचा धरला आणि सगळी खीर स्वतःच्या कानात घातली. मी रडले, आणि तिला पुसलंही नाही. कारखान्यात कागदावर तिच्या पंजाचा नमुना कापून ठेवला होता. शेळ्यांच्या जेवणाच्या दिवसापर्यंत तो तिला पुरेना.

जेवणाच्या दिवशी शेळ्या भाजल्या, ढोल बाहेर निघाले. पण काकांनी आपला मोठा पावा शेजारच्या ओटिसला दिला. "दम पुरत नाही रे आता," ते म्हणाले. दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. त्या उकाड्यात कोट.

काकूने त्यांच्या ताटातलं मांस बारीक कापून दिलं. मी बघते आहे असं दिसल्यावर तिने मान वळवली. त्या दिवशी ती एकदाही थट्टेचं बोलली नाही.

दोन दिवसांनी मी अंजिराचा मुरंबा घेऊन त्यांच्याकडे गेले. ओराही बरोबर होती. फाटकाबाहेरच मला सूर ऐकू आला.

किरकिर नव्हती. त्याच लहानग्या पाव्याचा स्वच्छ, बारीक सूर होता. ढोलांना उठवायचा तोच.

काका खुर्चीत बसले होते. मला पाहून त्यांनी वाजवणं थांबवलं आणि मांडीवरची गोधडी हातांवर ओढून घेतली.

"पोरीचं कसंय?"

"बघा की."

ओराने ओसरीवरची शेंग उचलली, पटकन फोडली आणि दाणे काकांपुढे धरले. ते तिच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता.

"छान झालेत," ते म्हणाले. "चल, आत बसू. वारा सुटलाय."

"काका, हात दाखवा ना."

"उठव मला आधी."

मी हात पुढे केला. गोधडीखालून त्यांनी तो चाचपडला आणि धरला.

हात नाही. माझं एक बोट.

त्यांची अख्खी मूठ त्या एका बोटाभोवती मिटली. ऊबदार, ओलसर, घट्ट. ओरा जन्मली त्या आठवड्यात मी ती पकड रोज अनुभवली होती. धरता येतं, पण सोडायचं कसं ते अजून माहीत नाही, अशी.