सांगाड्याची करंगळी

"शनिवारपर्यंत घर आणि शाळा, दोन्ही ठरायला हवं," आई म्हणाली. "सोमवारी मला धरणावर हजर व्हायचंय. मग मला जेवायलासुद्धा वेळ मिळणार नाही."

"म्हणजे तीन दिवस," अरिंडा म्हणाला. "बाबांनी गाय घ्यायला दोन महिने लावले होते."

"गाय अठरा महिन्यांसाठी नव्हती घ्यायची," त्याची मोठी बहीण केमिगिशा फणकारली.

म्बारारा सोडून जिंजाला येणं तिला मुळीच पटलं नव्हतं. नाइलवरच्या धरणाची यंत्रं दुरुस्त करायला आईची दीड वर्षासाठी नेमणूक झाली होती. बाबांचा दवाखाना म्बारारात, त्यामुळे ते तिकडेच राहणार होते. बारा वर्षांच्या अरिंडाला फुटबॉलचं मैदान असलेली कुठलीही शाळा चालली असती. केमिगिशाचं तसं नव्हतं. ती माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्गात जाणार होती आणि त्या वर्गाची सरकारी परीक्षा याच नोव्हेंबरात होती. परीक्षेत प्रयोग स्वतःच्या हातांनी करून दाखवावे लागतात. प्रयोगशाळा चांगली नसली, तर चार वर्षांचा अभ्यास पाण्यात.

सध्या तिघं रूथ मावशीकडे उतरले होते. ती आईची शाळेतली मैत्रीण; बाजारात तिचं कापडाचं दुकान होतं. तिची मुलगी कागोया इगांगाला वसतिगृहात राहून शिकायची आणि सुट्टीसाठी घरी आली होती. तेरा वर्षांची कागोया जिंजातली गल्ली न् गल्ली ओळखायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरांचा दलाल इसाबिर्ये गाडी घेऊन आला. तलम सदरा, दोन फोन, आणि तोंड एक मिनिट बंद नाही.

"टेकडीवर घर घ्या, मॅडम. शाळा पाच मिनिटांवर. तळ्याकाठी घेतलंत, तरी शाळा पाच मिनिटांवर. दोन्ही शाळांचे मालक एकच, म्हणून दर्जाही एकच."

टेकडीवरच्या शाळेची प्रयोगशाळा पाहून केमिगिशाचा चेहरा पहिल्यांदा खुलला. सहा सूक्ष्मदर्शक, ओळीत मांडलेल्या काचनळ्या, आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचा सांगाडा. अरिंडानं पुढे होऊन सांगाड्याशी हात मिळवला.

"कसे आहात, काका? बरेच वाळलात."

"हात लावू नकोस," आईनं दटावलं.

सांगाड्याच्या डाव्या हाताची करंगळी गळाली होती. तिच्या जागी हिरव्या तारेचा वेढा होता.

तिथून निघाल्यावर इसाबिर्येनं फोनवर काहीतरी बोलून घेतलं. मग त्यानं सगळ्यांना मासे खायला नेलं आणि तिथे चांगला दीड तास घालवला. तळ्याकाठच्या शाळेत पोचायला दोन वाजले. तिथेही सहा सूक्ष्मदर्शक होते, काचनळ्या होत्या, सांगाडा होता. अरिंडानं पुन्हा हात पुढे केला आणि तसाच थांबला. डावी करंगळी नव्हती. तिथे हिरवी तार होती.

संध्याकाळी त्यानं ही गोष्ट सांगितली, तेव्हा आई नकाशावर मान घालून बसली होती. "एकाच दुकानातून घेतले असतील," ती म्हणाली.

"आणि दुकानदारानं दोघांची करंगळी मोडून दिली?" कागोयानं विचारलं.

"उद्या बोलू. डोकं दुखतंय माझं."

मुलं मागच्या ओट्यावर जाऊन बसली.  केमिगिशा म्हणाली, "कळवून गेलो की सामान हजर असतं. न कळवता गेलो तर?"

"एका शाळेत गेलो, तर सामान तिथेच असायचं," अरिंडा म्हणाला. "मग काय कळणार?"

"म्हणून दोन्हीकडे जायचं. एकाच वेळी."

दोन्हीकडे जायचं, तर आणखी एक मोठं माणूस लागणार होतं. कागोयानं स्वतःच्या आईला गाठलं. रूथ मावशीनं सगळं ऐकून घेतलं, दात कोरत थोडा विचार केला आणि म्हणाली, "दुकान सकाळी बहिणीकडे सोपवते. माझीही मुलगी आहेच की. तिला वसतिगृहातून काढून इकडे घालायचंय, असं सांगू."

केमिगिशाच्या आईची समजूत घालायलाही मावशीच गेली. आतून बराच वेळ कुजबुज ऐकू आली. शेवटी आई बाहेर येऊन म्हणाली, "ठीक आहे. पण तुमची शंका खोटी निघाली, तर इसाबिर्येंची माफी मागायची."

शुक्रवारी दहा वाजता आई इसाबिर्येबरोबर पुन्हा टेकडीवरच्या शाळेत गेली. त्याच वेळी रूथ मावशी तिन्ही मुलांना घेऊन तळ्याकाठच्या फाटकात उभी राहिली. तिथे राखणदाराशिवाय कुणीच नव्हतं. बालिकोवा असं त्या म्हाताऱ्याचं नाव.

"प्रयोगशाळा बघायचीय," मावशी म्हणाली.

"किल्ली साहेबांकडे असते, बाई."

"मग आम्ही खिडकीतून बघतो," असं म्हणून केमिगिशा चालू लागलीसुद्धा. म्हातारा मागून आला, पण त्यानं अडवलं नाही.

आत लांबच लांब टेबलं होती आणि त्यांवर काहीही नव्हतं. केमिगिशानं काचेला नाक टेकवून टेबलांच्या खालीही पाहिलं. नळ होते, पण त्यांना पाइपच जोडलेले नव्हते. कालच्या त्या चकचकीत खोलीत पाणीसुद्धा येत नव्हतं.

तिनं मावशीच्या फोनवरून आईला गाठलं. "आई, सांगाडा तिथे आहे?"

"माझ्यासमोर उभा आहे."

"इथली खोली रिकामी आहे. आता त्यांना सांग, तळ्याकाठची शाळा पुन्हा बघायचीय. लगेच. आणि चहाला थांबू नकोस."

 पलीकडून आईचा कामावरचा आवाज आला. "निघालेच."

तळ्याकाठी पुन्हा जायचंय, असं इसाबिर्येला सांगून तिनं फाटकाबाहेर एक मोटारसायकलवाला थांबवला. इसाबिर्ये चहाचं विचारत मागे राहिला. वीस मिनिटांत ती तळ्याकाठी पोचली, खिडकीतून तिनं स्वतः पाहिलं, आणि फाटकात येऊन मुलांशेजारी उभी राहिली.

आणखी दहा मिनिटांनी उसाच्या लॉरीमागून एक पिकअप धूळ उडवत आली. मागच्या हौद्यात खोकी होती आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन माणसांनी घट्ट धरलं होतं. खड्ड्यात गाडी आदळली. चादर सुटली आणि सांगाड्याचा डावा हात बाहेर लोंबकळला.

"काका आले," अरिंडा म्हणाला.

पिकअपमागून इसाबिर्येची गाडी आली. तो उतरला, आणि आईला पाहून त्यानं दोन्ही फोन खिशात घातले.

"मॅडम, मला खरंच ठाऊक नव्हतं. मालक म्हणाले, येण्याआधी कळवत जा. मी कळवत होतो."

"का कळवायचं, ते विचारलंत कधी?"

त्यानं सांगाड्याचा लोंबकळणारा हात चादरीत खुपसला.

"शिक्षण कार्यालयाला मी आजच पत्र लिहितेय," आई म्हणाली. "आणि तुम्ही इथे आणलेल्या प्रत्येक कुटुंबाला तुम्ही स्वतः जाऊन हे सांगायचं. जमेल?"

इसाबिर्येनं मान डोलावली.

केमिगिशा मात्र पायरीवर जाऊन बसली होती. शंका खरी ठरली होती, पण शाळा तर हातची गेली होती, आणि उद्या शनिवार. बालिकोवा तिच्याजवळ आला.

"माझी नात इथे शिकत नाही," तो हळूच म्हणाला. "ती वालुकुबात जाते, नांगोबीबाईंकडे. त्यांना कळवावं लागत नाही."

वालुकुबा म्हणजे कामगारांच्या बैठ्या घरांची जुनी वस्ती. दलालाच्या यादीत तिचं नावही नव्हतं. शाळेच्या भिंतींचा रंग उडाला होता. सुट्टी असूनही प्रयोगशाळेत नऊ-दहा मुलं होती, आणि त्यांच्या मध्ये बाह्या सरसावलेल्या नांगोबीबाई.

"शाळा बघायला आलात? मग बसा, काम करा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी केमिगिशाच्या हातात कांदा आणि ब्लेड ठेवलं.

सूक्ष्मदर्शक एकच होता, त्याचा एक पाय लाकडाचा. पण काच लखलखीत होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळत होता. केमिगिशाचा पहिला पापुद्रा जाड निघाला. बाईंनी तो बाजूला सारला. दुसराही सारला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "आता बघ." केमिगिशानं डोळा लावला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी, एकीला एक लागून. ती पाहतच राहिली. तिच्या मागे अरिंडा, कागोया, आणि चक्क आईसुद्धा रांगेत उभी होती.

इथवर कसे पोचलात, असं बाईंनी विचारलं, तेव्हा रूथ मावशीनं सगळी हकिकत रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले आणि दोन्ही भावंडांकडे नीट पाहिलं.

"शंका आली, ती तपासायची रीत शोधलीत, आणि दोन्हीकडे एकाच वेळी पाहिलंत. हे मला वर्गात शिकवायला एक वर्ष लागतं. सोमवारी आठला या. पाच मिनिटंही उशीर चालणार नाही."

शाळेमागच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. नळाला पाणी होतं; अरिंडानं तो दोनदा सोडून पाहिला. शनिवारी दुपारी तिथल्या ओट्यावर बसून आईनं म्बारारात फोन लावला.

"हो, दोन्ही ठरलं. शाळा फार छान आहे," ती म्हणाली. मग थोडं ऐकून घेऊन हसली. "नाही हो, मी कसली शोधतेय. थांबा, ज्यांनी शोधली त्यांनाच देते." आणि तिनं फोन केमिगिशाच्या हातात दिला.