मागे घेतलेली तारीख

हे खरं आहे. ज्याला थट्टा वाटते त्याने खुशाल थट्टा समजावी, माझं काही जात नाही. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो, आणि भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला आजवर मीच वेड्यात काढत आलो. पण ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची आहे. शिवांगीची. तिला खोटं बोलता येत नाही. बोललीच तर कान लाल होतात आणि पकडली जाते.

साल २०१५. गाव लातूर. गणपतीचे दिवस. पाऊस रुसलेला, गल्लीबोळांत टँकर फिरत होते.

अशा गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे बाहेर रणरणती दुपार होती.

रात्र होती ती कॉम्प्युटरमध्ये.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिवांगीची आई पंचफुला, म्हणजे माझी सख्खी मावशी, त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. औशाकडचं गाव, दगडमातीचं घर, वर जड माळवद. विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. शिवांगी तेव्हा तीन वर्षांची. दैव बलवत्तर म्हणून ती त्या आठवड्यात आमच्याकडे मुदखेडला होती. मग ती आमचीच झाली. माझ्या आईनेच तिला वाढवलं.

घरातली बाकीची माणसं अंथरुणातच सापडली. कुणाला कूस बदलायलाही वेळ मिळाला नव्हता.

मावशी मात्र दाराशी सापडली.

हात कडीवर होता.

म्हणजे भूकंपाच्या आधीच ती उठली होती. कडी काढायला गेली होती आणि काढली नव्हती. अपरात्री कुणासाठी उठली? आणि दाराशी जाऊन थांबली का? आमच्या घरात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसे, पण गेलाही नव्हता.

दुसरी गोष्ट हाकेची. माझी आई आणि पंचफुला मावशी, दोघी बहिणी एकाच कडक आजीच्या तालमीत वाढलेल्या. अंधार पडल्यावर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं. शिवांगीत हे इतकं मुरलेलं की मोबाईलसुद्धा तिसऱ्या रिंगशिवाय उचलायची नाही. आम्ही तिला चिडवायचो, की तुला भुतं रिचार्ज करून फोन करतात का?

आता चिडवत नाही.

शिवांगी लातुरात मन्मथ सरांच्या क्लासमध्ये होती. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या पोरांच्या रोजच्या टेस्टचे पेपर तयार करायचं काम. तिच्या केबिनमधला कॉम्प्युटर जुनाट, त्यात विंडोज एक्सपी. सगळे प्रश्न जुन्या मराठी फॉन्टमध्ये, प्रिंटर त्याहून म्हातारा, आणि नव्या सिस्टिमवर दोन्ही आंधळे. सर म्हणायचे, "चालून राहिलंय ना? मग चालू द्या."

त्या वर्षी सरांनी नांदेडला शाखा काढली. तिकडच्या पोरांना दुपारी नेटवरून शंका विचारता याव्यात म्हणून बोलायचं एक सॉफ्टवेअर या मशीनवर टाकायचं होतं.

"रविवारपर्यंत नांदेड लागलंच पाहिजे, मॅडम. न्हाई जमलं तर तसं सांगा, मी दुसरं माणूस बघतो."

तिने नवीन व्हर्जन टाकलं. मशीन म्हणालं, या सिस्टिमवर चालणार नाही. त्याच्या मागचं टाकलं. तेही नाही. जुनी व्हर्जनं साठवून ठेवणाऱ्या एका साइटवर ती एकेक मागे मागे जात राहिली. शेवटी एक बसलं. उघडलं, आणि म्हणालं, माझी मुदत संपली, अपडेट करा. अपडेट केलं की पुन्हा चालणार नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

यावर कॉम्प्युटरवाल्यांकडे एक जुना इलाज असतो. तारीख मागे घ्यायची. मशीनला वाटतं, आपण अजून त्याच साली आहोत. मुदत संपलेलं सॉफ्टवेअर निमूट चालू होतं.

शिवांगीने तारीख २००९ वर नेली.

चाललं. नांदेडच्या मॅडमचा आवाज स्वच्छ आला. शिवांगी खूश होऊन चहा प्यायला गेली.

परत आली तर हेडफोनमध्ये नांदेड नव्हतं.

रातकिडे होते...

भर दुपारी, रातकिडे.

तिने कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलं. ३० सप्टेंबर १९९३. घड्याळात तीन वाजून गेले होते. बाहेरही तीनच वाजले होते म्हणा. पण तिथे पीएमच्या जागी एएम होतं.

तिच्या अंगावर काटा आला, आणि लगेच रागही आला. कारण क्लासमध्ये ही तारीख तिची कोण, हे एकाच माणसाला माहीत होतं. भागवतला. तो सकाळी त्याच मशीनवर बसायचा, आणि गेल्या वर्षी एकदा बोलता बोलता तिनेच त्याला आईबद्दल सांगितलं होतं.

"भागवत, मस्करीची एक हद्द असती."

"कसली मस्करी, मॅडम?"

"तारीख कुणी बदलली?"

"म्या कशाला बदलू? मला दुसरं काम न्हाई का? सेल गेला असंल मशीनचा. सेल गेला की तारीख मागं पळतीच."

ते खरं होतं. शिवांगीने नवा सेल टाकला. तारीख पुन्हा लावली, वरून स्वतःचा पासवर्ड घातला. केबिनला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये ठेवली. भागवत लांबून बघत होता. तो हसला असं तिला वाटलं.

दुसऱ्या दुपारी कुलूप तसंच होतं.

पासवर्ड तसाच होता.

तारीख... ३० सप्टेंबर १९९३.

या वेळी हेडफोनमध्ये रातकिड्यांच्या मागे लांबवर ताशा वाजत होता. बाहेर गणपतीच आहेत, रस्त्यावरचा असेल, म्हणून तिने हेडफोन काढला. बाहेर ताशा नव्हता. घातला... होता. मग तोही थांबला, आणि कुणीतरी खोकलं. बाईमाणूस. जवळच.

शिवांगीने मशीनची वायरच उपटली.

त्या रात्री तिने मला फोन केला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "रेकॉर्डिंग लावलंय कुणीतरी. तो भागवत लबाड आहे. त्याला रंगेहाथ पकड." तिला पटलं. पटावं असंच होतं. तिची जागा गेली तर ती भागवतच्याच भावाला मिळाली असती.

तिसरा दिवस शनिवार.

पोरं वरच्या हॉलमध्ये टेस्टला बसली होती. इमारत चिडीचूप होती. मागच्या डाळ मिलची घरघर तेवढी चालू. शिवांगीने आतून कडी लावली, मशीन सुरू केलं, हेडफोन घातला आणि पाळत ठेवून बसली.

घड्याळात साडेतीन होऊन गेले होते. एएम.

रातकिडे. खाट करकरली. बांगड्या किणकिणल्या. मग अगदी कानाशी, झोपेतल्यासारखा आवाज आला.

"शिवे..."

शिवांगी गप्प राहिली. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.

बराच वेळ काही नाही.

"शिवे... कुठं हाईस गं?"

तिचे ओठ हलले. पण दातांखाली जीभ धरून ती बसली. दुसऱ्या हाकेलाही नाही. आणि हे भागवतचं काम असेल तर? रडताना पकडून मग चारचौघांत हसणार असेल तर?

हेडफोन फेकून ती जिन्याकडे धावली. वरच्या हॉलच्या दारातून पाहिलं.

भागवत पोरांवर लक्ष ठेवत उभा होता. हात मागे बांधलेले. मोबाईल समोर टेबलावर, बंद. तो टेस्ट सुरू झाल्यापासून तिथून हललाच नव्हता. एका पोराने तसं सांगितलंही.

मग शिवांगीला कळलं की आपण किती वेळ घालवला.

ती खाली धावली, सवयीने आतून कडी लावली आणि हेडफोन चढवला. घड्याळ चारकडे आलेलं. ही पहाट कशी संपली ते लातुरातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. तिने माईक तोंडाशी ओढला आणि ओरडली.

"माये! बाहेर ये!"

पलीकडे कुणी खोकत होतं, ते थांबलं.

खाट करकरली. कुणीतरी उठून बसलं होतं. ऐकत होतं. पण ओ आली नाही.

का आली नाही, हे शिवांगीइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पलीकडची बाईही त्याच घरची लेक होती. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत होती.

"माये, मी शिवी हाय! दार उघड, बाहेर ये!"

पावलं वाजली. अनवाणी, सारवलेल्या जमिनीवर. बांगड्या जवळ आल्या. अगदी जवळ... श्वास ऐकू यायला लागला. मग लोखंडाचा बारीक आवाज झाला. कडीवर हात पडल्याचा.

आणि थांबला.

आता फक्त एक हाक. तिसरी. तिने तोंड उघडलं.

आणि त्याच क्षणी तिच्या मनात शंका आली. भागवत नाही, हे कळलं. पण भागवत नाही म्हणजे मायच, असं कुठं आहे? दारापलीकडे कोण आहे? मी कुणाला दार उघडायला लावतेय? मघाशी दोनच हाका आल्या होत्या. तिसरी आलीच नव्हती...

एवढीच शंका. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

"मा..."

हेडफोन एकदम मुका झाला.

धडाड नाही, किंकाळी नाही. काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत. मागची डाळ मिल थांबलेली. पंखा थांबलेला. वीज गेली म्हणावं, तर स्क्रीन चालूच होता.

मग मिल घरघरली. पंखा फिरला. तिने कोपऱ्यात पाहिलं. आजची तारीख. दुपारचे चार.

वरून पोरं पेपर देऊन धडधडत खाली आली, तेव्हा शिवांगी जमिनीवर बसून माईकमध्ये हाका मारत होती. तिसरी, चौथी, दहावी. भागवतनेच कडी फोडली. त्यानेच तिला पाणी पाजलं. नंतर तो मला म्हणाला, "मॅडमचा माझ्यावर वहीम होता, मला ठावं हाय. पर दादा, ते रडणं म्या जल्मात इसरणार न्हाई."

रविवारी नांदेड लागलं. तारीख २००९ वर नेली, एवढंच. नंतर तारीख पुन्हा कधी सरकली नाही. मी स्वतः लातूरला जाऊन त्र्याण्णव साल घालून पाहिलं, हेडफोन लावून तासभर बसलो. साधी खरखरसुद्धा नाही. पुढे सरांनी नवीन मशीन घेतलं आणि हे भंगारात निघालं, तेव्हा शिवांगीने ते मागून घेतलं. ते तिच्या घरी आहे. दुपारी ती त्याच्यासमोर बसते. तारीख मागे घेते आणि ऐकते.

"दादा," ती मला म्हणाली, "आपल्या घरात सगळ्यांच्या मनात असायचं ना, माय कुणासाठी उठली होती? माझ्यासाठी उठली होती. एक हाक कमी पडली माझी."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नांदेडची गाडी धरली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण या दिवाळीत मी हे सगळं पहिल्यांदाच माझ्या आईला सांगितलं. आई आता थकली आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "शिवे" अशी हाक आली म्हणालो, तिथे तिने मला थांबवलं.

"काय म्हणून हाक मारली?"

"शिवे."

आईचा चेहरा उतरला. ती उठून आत गेली आणि देवासमोर बसून राहिली. तिथूनच मला म्हणाली...

"पंचफुला तिला बबी म्हणायची रे. शिवांगी नाव म्या ठेवलं, हितं शाळेत घालताना. तूबी तवा एवढासा, तुला कुठलं आठवायला. जुनं नाव तोंडात आलं की मला रडू यायचं, म्हणून पोरीला कधी सांगितलंच न्हाई. पंचफुलाला 'शिवी' कोण, हेच ठावं नव्हतं."

तेव्हापासून मला झोप लागत नाही. दारावर शिवी म्हणून ओरडणारी ती अनोळखी बाई मावशीला काय वाटली असेल, हा विचार एकवेळ बाजूला ठेवता येतो. पण आधीच्या दोन हाका? त्या कुणी मारल्या?

शिवांगीला हे सांगावं का? सांगितलं तर आईचा आवाज ऐकला एवढीच जी गोष्ट तिच्यापाशी आहे, ती जाईल. नाही सांगितलं, तर...

काल मी तिला फोन केला. पहिली रिंग पुरती वाजलीही नव्हती.

"ओ," ती म्हणाली. नाव न बघता.

आता ती अशीच करते. कुणाचीही हाक येवो, कुठूनही येवो. पहिल्याच हाकेला ओ देते.