काळी एकच्या फटीतलं तिकीट

कॉलेजच्या नाटकासाठी पेटी न्यायला आलात ना? न्या. पण हेतल, बस जरा. सर्वेश, तूही टेक. आत्ता कुठे नऊ वाजतायत, मारुती मंदिराला रिक्षा मिळेल तुम्हाला.

ही पेटी माझ्या घरी कशी आली, ते ऐका आणि मग उचला.

ही वाजवायचा तो उन्मेष, आपल्याच कॉलेजचा. मी तेव्हा ऑफिसात क्लार्क होतो. तारीख वहीत आहे : १४ डिसेंबर २०२३, गुरुवार. एकांकिका स्पर्धा होती आणि त्या वर्षी जिवंत संगीताला वेगळे गुण होते. नाटकात तीन प्रवेशबदल. अंधार झाला की पोरं पलंग, चौथरा हलवणार आणि तेवढा वेळ विंगेत पेटी वाजणार. पेटी चालू म्हणजे रंगमंचावर कोणीतरी अंधारात आहे. पेटी थांबली की दिवे लागणार. एवढाच इशारा, दुसरा नाही.

चाली बांधल्या रघूअण्णांनी. माणूस जयगडचा, जन्म होडीवर गेलेला, भजनात पेटी धरायचा. दर रविवारी एसटीने तालमीला यायचे. आल्या आल्या तिकिटाची बारीक घडी करून काळी एकच्या, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या, फटीत खोचायचे. पट्टी दबून राहायची, सूर अखंड लागायचा.

"सा धरून ठेवलाय," म्हणायचे. "आता आंधारात कोन पडनार नाय."

उन्मेष चाली मोबाईलवर टिपून घ्यायचा. अण्णा चिडवायचे, "मेल्या, त्या डबीत काय भरतोस? बोटांत भर."

"भरतो ओ अण्णा, घाई काय!"

तिसरी चाल त्याने शेवटपर्यंत बोटांत भरली नाही.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी पत्रक छापायला न्यायचं होतं. मी सुवाच्य लिहून काढलं. संगीत : रघूअण्णा आणि उन्मेष. उन्मेष माझ्या टेबलाशी आला. "काका, बाहेरचं नाव दिसलं तर गुण कापतील. खोडा ना ते."

नियमांचा कागद माझ्याच खणात होता. मार्गदर्शक बाहेरचा चालत होता. मला ठाऊक होतं.

मी खोडलं.

अण्णा प्रयोगाला आले तर पत्रक बघतील, म्हणून उन्मेषने त्यांना फोन केला. "प्रयोग पुढे ढकललाय, अण्णा. तारीख कळवतो." पलीकडून नुसतं "बरं" आलं. मी शेजारीच बसलो होतो.

तर चौदा तारीख. पडदा साडेसातला उघडला. पहिले दोन बदल नीट झाले. तिसरा आला आठ वाजून दहा मिनिटांनी. नाटकात काम करणारी सावनी उंच चौथऱ्यावर. तिला सात पायऱ्या उतरायच्या, कठडा नाही. खाली पोरं पलंग ओढतायत. मध्येच दिवे लागले असते तर डोळे दिपून पोरगी खाली आली असती.

अंधार झाला. उन्मेषने भाता ओढला. चार सूर वाजवले.

आणि पुढचं आठवेना.

त्याने बोटं उचलली. दोन्ही हात मांडीवर आले...

पेटी वाजत होती.

चाल पुढे गेली. सावकाश. एकेक पायरी मोजत जावी तशी. डाव्या हाताशी भाता हलत होता. वारा त्याच्या मनगटाला लागत होता. डाव्या खांद्याला खांदा टेकला. म्हाताऱ्या माणसाचा, हाडकुळा.

तो वळला नाही.

नाव घ्यावंसं वाटलं त्याला. हात मांडीवरच ठेवले त्याने.

शेवटचा सूर थांबला. दिवे लागले. शेजारी कोणी नव्हतं. सावनी विंगेत आली ती हसतच. "काय वाजवलंस रे! अगदी अण्णांसारखं."

संगीताचं पहिलं बक्षीस उन्मेषला. परीक्षकांनी माइकवर विचारलं, "कोणाकडे शिकलास?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माझं मीच," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

साडेदहाला पेटी आवरताना उन्मेषला फोन आला. अण्णांची बायको, सत्यवतीबाई. "बाळा, हे दुपारी दोनला गेले रे. सकाळपासून आज प्रयोग, आज प्रयोग करत होते. मी म्हटलं, पोरानं ढकललाय सांगितलाय ना? तर म्हनाले, ढकललेला नाय गो. त्याला माजी लाज वाटते."

उन्मेष खाली बसला. तेव्हाच त्याने मला सगळं सांगितलं. ते हात मांडीवर... तो खांदा.

झाकण लावायला मी वाकलो. काळी एक दबलेलीच होती. फटीत कागदाची घडी. उन्मेषने पेटीत कधी काही खोचलं नव्हतं.

उन्मेषने पुन्हा पेटीला हात लावला नाही. तेव्हापासून ती इथे आहे. आणि घडी माझ्या वहीत.

ही बघा वही. ही माझी एसटीची तिकिटं, त्याच वर्षीची. सगळी पांढरी पडलीत. त्या कागदावरची छपाई टिकत नाही, वर्षभरात उडते.

आता हे शेजारचं. हेतल, तू वाच. दिवा जवळ घे.

जयगड ते रत्नागिरी. ज्येष्ठ नागरिक, एक. चौदा बारा तेवीस.

वेळ वाच.

संध्याकाळी पाच पस्तीस.