पन्नासची लेन्स

छत्री मिटता मिटेना म्हणून दीप्ती दुकानाच्या दारातच अडकली होती, आणि नेमका त्याच वेळी समोरून 'खट्' असा आवाज आला.

तिनं वर पाहिलं. काउंटरमागं एक तरुण कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता आणि कॅमेऱ्याचं तोंड सरळ तिच्याकडं होतं.

"माझा फोटो काढलात?"

"दाराचा काढत होतो," तो गडबडला. "शटर तपासायचं होतं... तुम्ही मधे आलात."

"दारातनं माणसं येणारच की."

"ते बी खरंच." त्यानं कॅमेरा फिरवून पडदा तिच्यासमोर धरला. अर्धी मिटलेली छत्री, गालाला चिकटलेली बट, कपाळावर आठी. तिनं नीट बघायच्या आतच त्यानं तिच्या देखत बटण दाबलं. "न विचारता काढलेला फोटो ठेवायचा नसतो. हा बघा, डिलीट केला."

बरोबरच केलं त्यानं. तरी दीप्तीला वाटून गेलं — जरा थांबला असता तर?

शाहूपुरीतलं ते दुकान वीरभद्रअण्णांचं. नवे कॅमेरे, जुने कॅमेरे, दुरुस्ती, सगळं एका छपराखाली. काउंटरमागचा तरुण त्यांचा भाचा, महांतेश. त्याचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. बोलता बोलता मधेच एखादा कानडी शब्द यायचा आणि तो आल्याचं त्याला स्वतःला कळायचंही नाही.

"तो दाखवा," दीप्तीनं काचेमागच्या सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्याकडं बोट केलं.

अण्णा खुर्चीतनं उठलेच. "पावणं, नजर हाय तुमची. फुल फ्रेम, मोठ्या सेन्सरचा हाय त्यो. लग्नातलं मोठं फोटोग्राफर ह्योच वापरत्यात. आता सगळी नव्या, हलक्या मिररलेसच्या मागं लागल्यात, म्हणून किंमत बी उतरलीया."

"काय काढणार ह्याच्यावर?" महांतेशनं विचारलं.

आजवर प्रत्येक दुकानात तिला 'किती बजेट?' असंच विचारलं होतं. काय काढणार हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, म्हणून दीप्ती सगळंच सांगून बसली. ती इथल्याच मंगळवार पेठेत राहायची. बारशी, वाढदिवस, मैत्रिणीचा कॅमेरा उसना घेऊन काढलेले फोटो — असा तिचा हात बसला होता. वडील गणपतराव टपाल खात्यात होते. त्यांनी रोखठोक सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत तुझं तू बघ. नाही जमलं तर पुण्याला काकाकडं जायचं आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. आणि आता राधानगरीजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका शांतादेवी बाईंनी तिला वर्गाचा फोटो काढायला बोलावलं होतं. काम पसंत पडलं तर आसपासच्या अकरा शाळा तिच्याच. नाही पडलं तर पुण्याची बस.

"म्हणून मोठा पाहिजे," ती म्हणाली. "हातात लहान कॅमेरा दिसला की लोक म्हणतात, हौस आहे पोरीला."

खालच्या खणातनं महांतेशनं दोन फोटो काढून काचेवर ठेवले. दोन्हीत एकच म्हातारी, तेच बोळकं हसू.

"एक मोठ्या कॅमेऱ्यावर काढलाय, एक सगळ्यात स्वस्तातल्यावर. ओळखा."

दीप्तीनं दोन्ही उजेडाला धरून पाहिले. मग डावा उचलला. "हा मोठ्याचा. डोळे बघा की, आत्ता बोलतील."

"हा स्वस्तातला. फक्त लेन्स चांगली होती. मोठ्याला मी मुद्दाम साधी लेन्स लावली होती."

"कोण ह्या?"

"आमची अज्जी. आजी, म्हणजे."

"महांत्या," अण्णा मागनं म्हणाले, "तुला पगार मी देतो का ही पोरगी देती?"

त्यानंतरचे चार शनिवार दीप्ती शाहूपुरीत गेली. कॅमेरा निवडायचा म्हणजे हातात धरून बघायला नको? आईला तिनं असंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

महांतेश शिकवायचा फार सावकाश. चौथीतल्या पोराला अपूर्णांक शिकवावेत तसा.

"सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो तुकडा, खिडकी समजा. मोठ्या कॅमेऱ्याची खिडकी मोठी, लहान कॅमेऱ्याची लहान. बाहेर देऊळ तेवढंच आहे. पण लहान खिडकीतनं त्याचा मधलाच भाग दिसणार."

"मग मोठी खिडकीच बरी."

"बरी की. पण काच धुरकट असली तर? लेन्स म्हणजे काच. आधी पैसे काचेला घालावेत. खिडकी मागनं मोठी करता येते."

"आणि लहान खिडकीतनं सगळं देऊळ बघायचं असलं तर?"

"चार पावलं मागं सरकायचं."

शिकवताना तो तिला कधी हात लावायचा नाही. "कोपर बरगडीला टेकवा, म्हणजे हात हलत नाही," असं म्हणून स्वतःचंच कोपर स्वतःच्या बरगडीला टेकवून दाखवायचा. तिनं तसं केलं की मान हलवायचा, पोरगं पाढा बरोबर म्हणालं की गुरुजी हलवतात तशी.

फोटो काढायला समोर माणूस हवा. अण्णा तयार व्हायचे नाहीत. मग उरायचा तोच.

"हलू नका," ती म्हणायची.

"श्वास घेऊ का?"

"थोडा घ्या."

"फोकस डोळ्यावर धरा. जवळच्या."

"धरते की... पण तो खाली बघतोय."

मग तो वर बघायचा. आणि दीप्तीचं बोट, बरगडीला कोपर टेकलेलं असूनसुद्धा, एखादा क्षण उशिरा दाबलं जायचं.

एका शनिवारी तिनं घरी कॉम्प्युटरवर कॅमेऱ्याचं कार्ड उघडलं तेव्हा आई, मीनाबाई, पोळ्या लाटता लाटता मागं येऊन उभी राहिली. एकशे त्रेसष्ट फोटो. सगळ्यांत एकच माणूस.

"दुकानात दुसरं काय नव्हतं व्हय गं?"

"कॅमेऱ्याची चाचणी चाललीय आई."

"कुणाची चाललीय ते दिसतंय की," आई म्हणाली आणि पोळी करपू नये म्हणून परत गेली.

शेवटी दीप्तीनं घेतला तो नवशिक्यांसाठीचा, लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि जोडीला पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची लेन्स. पन्नासची पुढं-मागं फिरत नाही, झूम नाही तिला. जेवढं दिसतं तेवढंच. पण कमी उजेडातही चेहरा असा धरते की बघत राहावं. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येणारी अठरा-पंचावन्नची साधी झूम लेन्स, जिच्यात पन्नासपेक्षा रुंद दिसतं, ती तिनं दुकानातच ठेवली, तेवढीच किंमत उतरली.

"शाळेला मैदान आहे ना?" महांतेशनं विचारलं होतं.

"मोठं आहे."

"मग झालं. मागं सरकायला जागा असली की पन्नासची पुरते."

आता कोरड्या मुलखातला तो आणि पेठेत वाढलेली ही. दोघांनाही मैदान म्हणजे मैदान. राधानगरीचा ऑगस्ट दोघांपैकी कुणीच हिशेबात धरला नव्हता.

शाळेच्या फोटोच्या दिवशी सकाळी साडेदहाला दुकानातला फोन वाजला.

"मैदानात तळं झालंय," दीप्तीचा आवाज बारीक झाला होता. "पत्र्यावर पाऊस असा वाजतोय की बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. वर्गात भिंतीला पाठ लावून उभी आहे मी. चाळीस मुलं. दोन्ही कडांची कापली जातात. चार पावलं मागं सरकायचं ना? मागं भिंत आहे."

महांतेशनं हळूच विचारलं, "वर्ग लहान हाय?"

"मोठा कॅमेरा घेतला असता तर सगळी बसली असती का?"

दुसऱ्या कुणी इथं थाप मारली असती.

"बसली असती," महांतेश म्हणाला. "चूक माझी हाय."

आणि फोन बंद झाला.

शांतादेवी बाई स्वभावानं मऊ. "घाई नाही गं," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर ऊन पडलं की काढू." बोलणं मायेचंच होतं, पण दीप्तीला त्यात पुण्याच्या बसचा हॉर्न ऐकू आला. ती कॅमेरा पिशवीत घालायला लागली.

"मी येत न्हाई न्हवं त्यात?"

डाव्या कडेची मुलगी रांग सोडून जवळ आली होती. तेजस्वी तिचं नाव. दोन वेण्या, एक रिबीन सुटलेली. "मला दरसाली कडंलाच उभं करत्यात. गेल्या साली नुसता कान आलता."

दीप्तीला हसू आलं. "मग आता काय करायचं?"

"माझा एकटीचा काढा की. तेवढी तर मी मावतो."

दीप्ती तिच्याकडं बघत राहिली. मग तिचा हात धरून तिला दाराशी नेलं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, पण दारातनं मऊ, दुधासारखा उजेड आत येत होता आणि तेजस्वीच्या एका गालावर पडला होता. दीप्तीनं कोपर बरगडीला टेकवलं. फोकस डोळ्यावर. जवळच्या.

खट्.

पडद्यावर तेजस्वी होती. मागचा कळकट फळा, खिळे, गळकी भिंत, सगळं विरघळून गेलं होतं. उरले होते दोन डोळे आणि त्यांत इवलंसं पावसाचं दार.

"ही मी?" तेजस्वीनं विचारलं. आणि मागनं एकोणचाळीस मुलं एकदम दाराकडं सरकली.

एक वाजायला आला तेव्हा अंगणात मोटरसायकल थांबली. महांतेश डोक्यापासून बुटापर्यंत निथळत होता. रेनकोट होता, पण तो अंगावर नव्हता. गुंडाळून पोटाशी धरला होता आणि त्याच्या आत अठरा-पंचावन्नची लेन्स होती, कोरडी ठणठणीत.

"आणली," तो धापा टाकत म्हणाला. "लावू?"

"थांबा. अकरा मुलं उरलीत." तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तो टेबलावरचा पांढरा कार्डशीट धरा इकडं. उजेड ह्याच्या दुसऱ्या गालावर येऊ दे... थोडा खाली."

त्यानं धरला. अकरा मुलं होईपर्यंत हात खाली केला नाही. मग साधी लेन्स लावून चाळीस जणांचा एकत्र फोटोही झाला. त्यात तेजस्वीचे दोन्ही कान आले.

शांतादेवी बाई चष्मा वर सारून पडद्यावरचे चेहरे एकेक करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्या पोरांना मी रोज बघते, असं वाटायचं मला." जराशानं कॅमेरा परत देत, "बाकीच्या शाळांना मीच फोन करते. पण त्यांनाही असेच लागतील गं, एकेकट्याचे. जमेल?"

"जमेल," दीप्ती म्हणाली. त्या एका शब्दात पुणं फार लांब गेलं.

शाळा सुटली. पाऊस उघडायची वाट बघत दोघं व्हरांड्यात बसली. मधे कॅमेरा, आणि बाईंनी पाठवलेला चहा.

"उद्या दुकानात ये... या," महांतेश कपाकडं बघत म्हणाला. "हा परत घेतो. मोठा न्या. अण्णांना मी सांगतो."

"नको. माझी खिडकी मला आवडली." तिनं चहाचा घोट घेतला. "एक विचारू? एवढ्या पावसात लेन्स द्यायला आलात..."

"लेन्स तर एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवता आली असती."

पत्र्यावरचा आवाज जरा कमी झाला होता. उगाचच.

"मग?" दीप्तीनं विचारलं.

"रोज इतके फोटो डिलीट करतो मी. कधी काय वाटत न्हाई." तो थांबला. "त्या दिवशीचा तेवढा... छत्रीचा... तो एक राहायला हवा होता, असं रोज वाटतंय."

दीप्तीनं कॅमेरा उचलला, पट्टा सोडवला आणि त्याच्यापुढं धरला.

"मग आता विचारून काढ."

त्यानं 'काढ' ऐकलं. कान लाल झाले.

"दीप्ती... तुझा फोटो काढू?"

"काढ की."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. कोपर बरगडीला टेकवलं. खट्.

दोघं पडद्यावर वाकली. सगळं हललं होतं; गारठ्यानं असेल, दोन-अडीच तास भिजत आलेला माणूस तो. पावसाच्या पांढऱ्या रेघा, आणि त्यांत कुणीतरी हसतंय एवढंच कळत होतं.

"हलला," तो ओशाळून म्हणाला. "डिलीट करू?"

त्याचं बोट बटणावर गेलं. तिनं आपलं बोट अलगद त्याच्या बोटावर ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

"राहू दे."